धागा अख्खाच असतो

"सर, सोळा धागे गेलेत."

सुप्रिया मगदूम माझ्या टेबलापुढे उभी होती. हातात प्रिंटआउट, डोळे सुजलेले. एम.एस्सी. कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष. शुक्रवारी तिच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, आणि हा सोमवार.

"कुठले धागे?"

"बीमवरचे. अप्पा गुरुवारपासनं ओरडायला लागल्यात. देसाई मॅडम म्हणत्यात, मीच प्रोग्राम बिघडवला. चार दिस झालं शोधतोय सर, माझी चूकच गावंना झालीय."

आमच्याकडच्या मुली बोलताना 'शोधतोय'च म्हणतात. मी तिला खुर्ची दिली आणि पाणी दिलं.

मी कोल्हापुरात विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होतो. निवृत्तीला तेव्हा दोन महिने उरले होते. आमच्या लॅबमधले चाळीस कॉम्प्युटर एकाच सर्व्हरवर चालायचे. सर्व्हर म्हणजे सगळ्यांचा सामायिक मोठा कॉम्प्युटर. तिथे मी एक बदल केला की तो चाळीसही ठिकाणी व्हायचा. सोय मोठी, आणि चूक झाली तर तीही चाळीस ठिकाणी.

दिवाळीच्या सुट्टीत मी असाच एक मोठा बदल केला होता. पायथन नावाची प्रोग्रामिंगची भाषा आहे. वर्गात मुलांना तिची तिसरी आवृत्ती शिकवत होते आणि लॅबमध्ये अजून दुसरीच होती. ती कालबाह्य झालेली. मीच चालढकल करत आलो होतो, कारण जुने प्रोग्राम नव्या आवृत्तीत जसेच्या तसे चालत नाहीत. शेवटी विभागप्रमुख देसाई मॅडम म्हणाल्या, "जाण्याआधी एवढं उरकून जा."

"उरकतो."

"काही बिघडणार नाही ना?"

"काही नाही, मॅडम." हे मी छाती फुगवून म्हणालो होतो.

जुने प्रोग्राम नव्या भाषेत बदलून देणारं एक तयार साधन मिळतं. सगळ्या फायली मी त्यातून काढल्या. प्रत्येक प्रोग्राम एकदा चालवून पाहिला. कुठेही एरर नाही. खूश होऊन घरी गेलो. एरर हा खरं तर सज्जन माणूस असतो, तो समोर येऊन सांगतो. गप्प बसणाऱ्या चुकीपासून जपायचं असतं, आणि हे मी तीस वर्षं नव्या लोकांना शिकवत आलो होतो.

सुप्रियाचा प्रोजेक्ट 'विणकर' नावाच्या आमच्याकडच्याच जुन्या प्रोग्रामवर होता. कापडाच्या उभ्या पट्ट्यांचं डिझाइन दिलं की कुठल्या रंगाचे किती धागे लागतील, हे तो सांगायचा. त्यात तिने कापडाचं चित्र स्क्रीनवर दाखवायची सोय केली होती. तिच्या अप्पांचे, म्हणजे वडिलांचे, कबनूरला माग आहेत. तोंडी परीक्षेत दाखवायला ते तेच कापड खरोखर विणून देणार होते. प्रिंटआउट पाहून त्यांनी बीम भरून घेतला. बीम म्हणजे मागावरचा मोठा रूळ, त्यावर सगळे उभे धागे गुंडाळतात. मागाच्या कंगव्यासारख्या फणीत धागे ओवायला घेतले, तेव्हा दोन्ही कडांना आठ-आठ घरं रिकामी राहिली. कापडाला किनारच नव्हती.

"चल, फाईल उघडू," मी म्हणालो.

तिने लिहिलेला भाग चित्र काढण्यापुरता होता. हिशोबाच्या ओळींना तिने हातही लावला नव्हता. त्या ओळींपर्यंत मी आलो आणि थांबलो. तिथे एक कॉमेंट होती. कॉमेंट म्हणजे प्रोग्राममध्ये माणसाने माणसासाठी लिहिलेली टीप, कॉम्प्युटर ती वाचत नाही. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: 'इथे अपूर्णांक चालणार नाही. धागा अख्खाच असतो.'

चव्हाण सरांची कॉमेंट. ते आमच्याच विभागात शिकवायचे. 'विणकर' त्यांनीच लिहिला होता, पंधराएक वर्षांपूर्वी. सर आता नाहीत. पण ते वाक्य वाचलं आणि त्यांचा खर्जातला आवाज कानात आला. मला सरांची फार आठवण आली. सुप्रिया शेजारी नसती तर रडलोही असतो.

कारण ती कॉमेंट लिहिली गेली, तेव्हा मी तिथेच होतो. सरांच्या स्कूटरवर मागे बसून, लॅपटॉप मांडीवर धरून कबनूरला गेलो होतो. मगदूम अण्णांच्या, म्हणजे सुप्रियाच्या अप्पांच्या शेडमध्ये. मागांच्या खडखडाटात आम्ही तिघं दुपारभर एकमेकांच्या कानात ओरडत होतो. ही पोरगी तेव्हा दारात शेंगा खात बसलेली. सरांच्या पहिल्या प्रोग्रामने सांगितलं होतं, डिझाइन पन्नास पूर्णांक तेहतीस वेळा बसेल. अण्णा पोट धरून हसले होते.

"पावणं, पन्नास कळलं. ह्यो वरचा तुकडा कुठनं आणू? उंदरानं कुरतडल्याला धागा लावू व्हय?"

सरही हसले आणि तिथेच, कापडाच्या गठ्ठ्यावर बसून त्यांनी प्रोग्राम दुरुस्त केला. एकूण धागे दोन हजार चारशे सोळा. डिझाइन अठ्ठेचाळीस धाग्यांचं. ते पन्नास वेळा बसतं आणि सोळा उरतात. उरलेल्यांची किनार, आठ इकडे आणि आठ तिकडे. पायथनची जुनी आवृत्ती पूर्ण आकड्यांना भागलं की उत्तर पूर्णच द्यायची, म्हणून सरांचं काम सोपं झालं. नवी आवृत्ती मात्र दशांशापर्यंत भागते. पन्नासवरचा तो तुकडा परत आला, त्यात सोळाही धागे खपले आणि किनारीला शून्य उरलं. छापताना सरांनी फक्त पूर्ण आकडा घ्यायला सांगितलेलं, त्यामुळे कागदावर पन्नासच दिसले. ज्या चुकीला अण्णा पोट धरून हसले होते, तीच चूक मी सरांच्या पश्चात पुन्हा करून ठेवली होती.

उपाय एका खुणेचा. नव्या भाषेत भागाकाराची तिरकी रेघ एकदाच्या ऐवजी दोनदा दिली की उत्तर पूर्ण येतं. मी दुसरी रेघ दिली. किनार: सोळा.

सुप्रियाला घेऊन मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

"मॅडम, चूक हिची नाही. माझी आहे."

"तुम्ही तर म्हणाला होतात, काही बिघडणार नाही."

"म्हणालो होतो. बघितलं नव्हतं."

 मॅडम सुप्रियाला म्हणाल्या, "तुला मी नको ते बोलले. चुकलं माझं." आणि मला, "बाकीचे सगळे प्रोग्राम ओळ न् ओळ वाचून काढा. चालवून नव्हे, वाचून."

मग अण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हंजे पोरीनं न्हाय केलं?"

"नाही, अण्णा. मी केलं."

"आणि मी चार दिस तिलाच फाडून खातोय की ओ! द्या तिला फोन."

ती फोनवर फक्त "व्हय अप्पा, व्हय अप्पा" करत राहिली आणि डोळे पुसत हसली. पण बीम पुन्हा भरायला वेळ नव्हता. अण्णांनी मग सोळा धागे वेगळ्या बॉबिनींवरून मागाच्या पाठीमागून सोडले. हाताशी लाल सूत होतं, ते लावलं.

शुक्रवारी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कापड हातात घेतलं, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लाल किनारीची कल्पना छान आहे." सुप्रियाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हसू दाबत असावी. चांगल्या मार्कांनी पास झाली.

पुढचे दोन महिने मी दीडशेच्या वर फायली वाचल्या. अशाच आणखी तीन गप्प चुका सापडल्या. जाण्याआधी 'विणकर' पुन्हा उघडला आणि सरांच्या कॉमेंटखाली, त्यांच्यासारखंच इंग्रजी अक्षरांत लिहिलं: 'वरचं न वाचता पुढे गेलो. सोळा धागे गेले.' खाली माझं नाव घातलं.

त्या कापडाचा एक तुकडा अण्णांनी मला निरोपाला दिला. आता त्याने घरचा कॉम्प्युटर झाकतो. लाल धागे मी मोजलेत, आठ इकडे आणि आठ तिकडे.