पंपघरातलं व्याकरण

पंपघराचा संसार दोघांचा होता. पाणी आणि माणसं सरकारची, पंपांची दुरुस्ती एका खासगी कंपनीची. पंप बिघडला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायचे. बिघाड ओळखायच्या त्या मावशी. त्यांना पगार सरकार द्यायचं. कौतुक करणं मात्र दोघांच्याही खात्यात बसत नव्हतं.

तीस वर्षं पंपांच्या सोबतीत काढून मावशींचे कान कामातून गेले होते. हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. आता गुरुवारी सरकारने सगळ्यांच्या कानांची तपासणी ठेवली होती. नापास झालं की घरी.

कान अधू व्हायला लागले तसे मावशींनी चौघा ऑपरेटरांना धडे दिले होते. "नुसतं 'आवाज येतोय' म्हणून यायचं नाही! एकदाच झाला तर खट्. अधूनमधून झाला तर खटखट. दमच घेत नसेल तर खटाखट. आणि खडखडाट झाला तर मला शोधू नका, आधी बटण बंद करा." इथल्या गोंगाटात बोलणं कळत नाही, या सबबीवर सगळं पाटीवर लिहून आणायचं.

बुधवारी कंपनीचा इंजिनिअर तीन नंबरच्या पंपाला यंत्र लावून बसला होता. काटा ठीक होता. एवढ्यात एका ऑपरेटरची पाटी आली: 'तीन नंबर. सकाळी करकर, आता कर्रर्र.'

"बंद करा. बेअरिंग कोरडं पडलंय," मावशी म्हणाल्या.

पंप उघडला. बेअरिंग कोरडंठाक!

"काय कान आहेत हो तुमचे!" इंजिनिअर म्हणाला.

मावशींनी ते त्याच्या ओठांवरून वाचलं. गप्प बसल्या असत्या तर त्या दिवसापुरतं निभावलं असतं. पण खोटं कौतुक त्यांना पचेना.

"कान नाहीत, साहेब. ही पाटी आहे."

गुरुवारी मावशी नापास झाल्या, ठरल्याप्रमाणे. पण इंजिनिअर आठवडाभर वरिष्ठांच्या मागे हात धुऊन लागला. शेवटी ठरलं: मावशींनी दोन्हीकडच्या माणसांना आवाज शिकवायचे. पगार कंपनीचा, खोली सरकारची.

वर्गाच्या पहिल्या दिवशी मावशींनी पाटीवर लिहिलं, 'मला ऐकू येत नाही.'

सर्वांत जुन्या ऑपरेटरने पाटी घेतली आणि खाली लिहिलं, 'पाच वर्षांपासून माहीत आहे. चहाच्या खोलीत कुठला आला गोंगाट? तिथेही पाटी आणतोच ना आम्ही?'