चुकलेल्या उत्तराची टाळी

प्रिन्सिपल शेवटच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसले होते. याला ऑब्झर्व्हेशन म्हणतात. साहेब तास बघतात, फॉर्म भरतात आणि पुढच्या वर्षी आपण शाळेत असू की घरी, ते ठरतं. अर्विंगच्या या अमेरिकन शाळेतलं माझं पहिलंच वर्ष, आणि फाइलला एक तक्रार आधीच लागलेली. शेजारच्या वर्गातल्या बाईंना माझ्या गणिताच्या तासाला टाळ्या ऐकू येत होत्या.

येणारच. ती सवय टांझानियाची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं म्वांझाला होतो. तिथे मी सेकंडरीला शिकवायचे. वर्गात नव्वद मुलं, आठ जणांत एक पुस्तक. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. पण खरी पंचाईत वेगळी होती. मुलं प्रायमरी स्वाहिलीत शिकून आलेली, सेकंडरी एकदम इंग्रजीत. चुकण्याच्या भीतीने कोणी तोंडच उघडेना. तिथल्या नीमा मॅडमनी मला युक्ती शिकवली. बरोबर उत्तराला तीन टाळ्या. चुकलेल्याला एक, आणि सगळ्यांनी म्हणायचं, "जारिबू तेना." पुन्हा प्रयत्न कर. महिन्याभरात नव्वद हात वर. इतका आनंद मला पगाराने कधी दिला नाही.

अर्विंगला मुलं बावीस, प्रत्येकापुढे लॅपटॉप, आणि हुडीत तीच भीती. मी तेच औषध दिलं. लागू पडलं.

त्या दिवशी मात्र टाळ्या बंद, असं मुलांना बजावलं होतं. सकाळीच नवरा म्हणाला होता, "एक दिवस साधी बाई हो."

झाले. तास शोकसभेसारखा चालला. फळ्यावर लिहिलं, उणे तीन वजा उणे पाच. एकही हात वर नाही. मागे टाइप केल्याचा आवाज. मी घाबरले आणि म्वांझात करायचे तेच केलं. हात वर नसेल तर शेवटच्या बाकाला विचारायचं.

शेवटच्या बाकावर साहेब.

"निगेटिव्ह एट," ते म्हणाले. मूळचे फुटबॉल कोच.

वर्गाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. मग सगळ्या वर्गाची एक टाळी. "जारिबू तेना, सर."

साहेबांनी अर्थ विचारला. पहिल्या बाकावरच्या मारिसोलने सांगितला आणि धीर दिला, "सगळ्यांनाच मिळते, सर. मिसना सगळ्यात जास्त."

त्यांनी लॅपटॉप मिटला, कागद मागितला, आकड्यांची रेघ काढून बोटाने पाच घरं पुढे मोजली. "टू?"

तीन टाळ्या. पुढच्या गणिताला अकरा हात वर आले. त्यातला एक त्यांचा होता.

नोकरी राहिली. फॉर्मवर शेरा आला: विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम, आवाज कमी करावा. आता आम्ही दोन बोटांनी टाळी वाजवतो.

मी एवढंच शिकले की शेवटच्या बाकावर कोण बसलंय ते बघून प्रश्न विचारावा. आणि बघायचं राहिलं, तर छताकडे बघावं.