जाईच्या वेलावरचे सुभेदार

मंडळी, आळीपाळीने लिहायची आपली फिरती वही आज माझ्याकडे आली आणि लिहायला विषयही आजच मिळाला!

आमच्या जाईच्या वेलावरचा पाळीव कोळी तुम्हाला ठाऊकच आहे. पाय जोडीजोडीने ताणून जाळ्याच्या मधोमध फुलीसारखा बसतो. त्याचा रुबाब पाहून दरबारच्या रिसाल्यातून निवृत्त झालेल्या बाबांनी त्याला सुभेदार केलं. रोज सकाळी सलामही ठोकतात.

पण उद्या घट बसणार. माळेला रोज फुलं हवीत आणि जाळं नेमकं फुलं तोडायच्या वाटेत. "उद्या झाडू फिरवणार," आईने बजावलं होतं.

म्हणून जाळं मोडण्याआधी सुभेदारांची जात तरी कळावी, या हट्टाने मी आज कॉलेजातल्या शास्त्राच्या मास्तरांना घरी आणलंच. त्यांनी भिंगातून पिवळे पट्टे पाहिले, जाळ्यातली पांढरी नागमोडी नक्षी पाहिली आणि ओरडलेच, "अरे, ये तो आर्जिओपी है! और मादा है, पेट देखो, अंडे देनेवाली है!"

बाबांचा सलामाचा हात अर्ध्यातच थांबला.

"मग नवरा कुठाय हिचा?" आईने विचारलं.

मास्तरांनी जाळ्याच्या कडेला बोट दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढा तो जीव मी इतके दिवस पिल्लू समजत होतो!

आईने उद्यासाठी काढलेला झाडू परत कोपऱ्यात ठेवला. "पोटुशीचं घर मोडायचं नाही. उद्यापासून माळेची फुलं बाड्याच्या चौकातल्या बाजारातून आणा," ती बाबांना म्हणाली. बाबांनी मुकाट्याने पिशवी शोधायला घेतली.

आता तुम्हीच सांगा मंडळी, आमच्या घरात खरा सुभेदार कोण?