फुंकरमास्तरांची मागची सीट

आमच्या एका नाटकात हमखास टाळी घेणारी दोन पात्रं होती, आणि ती दोन्ही प्रेक्षकांना कधी दिसली नाहीत. एक जुनी मोटारसायकल आणि दुसरे तिच्यावर बसलेले फुंकरमास्तर. विंगेमागचं दार नाट्यगृहाच्या मागच्या अंगणात उघडायचं, त्याच्या पलीकडच्या फाटकाशी दोघं आपल्या प्रवेशाची वाट पाहत उभे असायचे. दुसऱ्या अंकात जावयाची गाडी लांबून येते, घरासमोर थांबते, दोन-चार उचक्या देते आणि बंद पडते. जावयाला उशीर होतो, तो काळ्याकुट्ट हातांनी घरात शिरतो, आणि पुढचं सगळं नाटक त्या उशिरावर उभं होतं. आम्ही आधी ध्वनिमुद्रण करून पाहिलं, पण ते कुणीतरी गुळण्या केल्यासारखं वाटे. मग दिग्दर्शक म्हणाला, खरी गाडी आणा, पण अशी आणा की जी भरवशानं बंद पडेल.

अशी गाडी आमच्या माहितीत एकच होती, आणि गंमत म्हणजे ती गावातल्या सगळ्यात चांगल्या मेकॅनिकची होती.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. एका शटरचं त्यांचं गॅरेज होतं, आणि जुन्या मोटारसायकलींचे कार्बोरेटर ही त्यांची खासियत. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं जमवून देणारा मध्यस्थ. त्यात जेट नावाच्या बारीक भोकाच्या पितळी नळ्या असतात. मास्तर ती नळी काढायचे, उजेडात धरायचे, एक डोळा मिटून आरपार बघायचे, मग ओठांत धरून गाल फुगवून फुंकर मारायचे. ही सवय अशी अंगात मुरली होती की ते गार पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. एकदा आमच्या तालमीत पेटीवाल्याची पट्टी अडकली, तर मास्तर उठून पेटीत फुंकर मारून आले. पेटीवाला दोन दिवस बोलला नाही.

गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की मास्तरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "हा कोण?" कोण म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, कार्बोरेटर. जुन्या गाडीवर मूळचा कार्बोरेटर क्वचितच टिकतो. कुणी दुसऱ्या गाडीचा बसवतो, कुणी मामाच्या पाण्याच्या पंपाचा. म्हणून मास्तर आधी तो काढून पालथा करायचे, तारेच्या ब्रशनं मळ खरवडायचे, अंगावर कोरलेला नंबर वाचायचे आणि मगच हात लावायचे. एका ऐटबाज गृहस्थाला त्यांनी अगदी हळुवारपणे सांगितलं होतं की साहेब, गाडी तुमची असेल, पण श्वास ती दुसऱ्याचा घेतेय.

जुळवणी मात्र बघण्यासारखी असायची. आधी गाडी चांगली तापवायची. मग हवेचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत न्यायचा, दीड फेरा बाहेर आणायचा, आणि तिथून पाव-पाव फेऱ्यानं मागेपुढे करत ऐकत राहायचं. एका जागी इंजिनाचा आवाज आपणहून खुलतो. आमच्याकडे गाणारा नट बरोबर सुरात आला की कसं सगळ्यांच्या मानेला समजायचं, तसं. ती जागा सापडली की स्लोचा, म्हणजे उभ्या गाडीचा वेग ठरवणारा, स्क्रू कमी करत न्यायचा आणि पेट्रोलच्या टाकीवर पाण्यानं भरलेला ग्लास ठेवायचा. गाडी जागच्या जागी धुगधुगत उभी, ग्लासातलं पाणी नुसतं शहारतंय, सांडत नाही. मग मास्तर ते पाणी फुंकून पिऊन टाकायचे, म्हणजे काम झालं.

हे सगळं दुसऱ्यांच्या गाड्यांना. त्यांची स्वतःची गाडी रस्त्यावर घोड्यासारखी पळायची आणि थांबली की मरायची. स्लोवर ती चहाचे चार घोट होईपर्यंत उभी राहत नसे. हवेचा स्क्रू आत न्या, बाहेर काढा, तिला काडीचा फरक पडत नव्हता. मास्तरांनी तिचे जेट इतक्या वेळा फुंकले होते की त्यांना बोलता आलं असतं तर ते पुरे म्हणाले असते. शेवटी ते म्हणायला लागले की हा कार्बोरेटर मूळचा नाहीच, आधीच्या मालकानं भलताच कुठला तरी बसवलाय, आता तिचा हा स्वभावच समजायचा.

या स्वभावानं त्यांचा संसार मात्र विचित्र करून ठेवला होता. लग्नाच्या दिवशी मास्तरांनी हौसेनं बायकोला याच गाडीवरून घरी न्यायचं ठरवलं. गाडी आरशासारखी चमकत होती. फोटोवाला म्हणाला, जरा थांबा, हसा. ती भारी कपडे सावरत मागे बसली आणि गाडी बंद पडली. किक मारली, परत बंद. चौथ्या वेळी तिच्या मामानं आणि भावानं धक्का द्यायचं ठरवलं, म्हणून ती खाली उतरली. गाडी एकदम पेटली, आणि आता थांबलो तर पुन्हा मरेल या धास्तीनं मास्तर सुसाट सुटले. घरापाशी पोचून त्यांनी मागे न बघताच म्हटलं, "उतर सावकाश." मागे कुणी नव्हतं. नवरी मामाच्या टेम्पोतून आली, गाद्या-उशांच्या मध्ये बसून.

त्या दिवशी वहिनींनी सांगितलं, "दाराला कुलूप लावून, डोक्याला रुमाल बांधून मी येईपर्यंत ही गाडी जिवंत उभी राहिली, तर मागे बसेन. तोवर माझी सायकल बरी." आणि बाई शब्दाच्या पक्क्या. गॅरेजला लागूनच त्यांचं शिवणाचं दुकान होतं. कुठे जायचं झालं की पुढे मास्तर मोटारसायकलवर, मागे वहिनी सायकलवर. प्रत्येक चौकात मास्तर किका मारत असायचे आणि वहिनी घंटी वाजवून पुढे जायच्या. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली, पण ती मागची सीट कोरीच राहिली. मास्तर तिला दर रविवारी मेण लावायचे. बाकी कुणालाही त्यांनी तिथे बसू दिलं नाही, मलासुद्धा नाही, आणि मी त्यांचा दोस्त.

तर आमच्या नाटकाला ही गाडी देवाघरची देणगी वाटली. प्रत्येक प्रयोगाला ती वेळेवर यायची, उचक्या द्यायची, मरायची, आणि टाळी पडायची. दिग्दर्शक मास्तरांना म्हणायचा की हिला कधी दुरुस्त करू नका. मास्तर लाजायचे. आमचे कपडे वहिनी शिवायच्या. एकदा माझ्या कोटाचं बटण लावता लावता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, लोक टाळ्या वाजवतात ते गाडीच्या मरणाला. तिच्या जगण्याला कधी वाजवणार?" मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग त्याच्यावर फुंकर मारून पुन्हा पुसला.

शेवटचा प्रयोग दुपारचा होता. त्या सकाळी एक शेजारी आपल्या जुन्या गाडीचा कार्बोरेटर घेऊन गॅरेजमध्ये आला. मी कोटाची बाही घेऊन वहिनींकडे चाललो होतो, म्हणून हे माझ्या समोर घडलं. मास्तरांनी तो पालथा केला, नंबर वाचला आणि म्हणाले की हा तर माझ्या गाडीचा मूळचा प्रकार. उत्सुकतेनं त्यांनी आपला कार्बोरेटर काढून शेजारी ठेवला. शेजाऱ्याचा मळका, यांचा चांदीसारखा. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडीला इतकं नटवलं होतं की कार्बोरेटरलाही चंदेरी रंग दिला होता, आतून-बाहेरून, जिथे कुणी बघत नाही तिथेही. दोन्हींची तोंडं उजेडात धरून ते आळीपाळीनं बघू लागले.

शेजाऱ्याच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, आत कडेला, हवेचं एक बारीक भोक होतं, स्लोवर गाडी त्यातूनच श्वास घेते. यांच्यात त्या जागी गुळगुळीत चंदेरी रंग होता.

त्यांनी खालचा रंग नखानं खरवडला. नंबर निघाला. तोच. कार्बोरेटर मूळचाच होता, आधीचा मालक बिचारा निर्दोष होता. दुसऱ्याच्या गाडीला पहिला विचारायचा प्रश्न मास्तरांनी आपल्या गाडीला कधी विचारलाच नव्हता. आपल्या लेकराला कोण नाव विचारतं? ते मला म्हणाले, "दादा, मीच हिचं नाक रंगवून बंद केलं हो. आणि आयुष्यभर हिच्या तोंडात फुंकत बसलो."

मग त्यांनी मधल्या दारातून डोकं घालून वहिनींकडे टाचणी मागितली. कशाला, असं त्यांनी विचारलं. कामाला, असं ते म्हणाले. मला त्यांनी डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं. नाटकाचं काय, असं मी कुजबुजलो, तर ते म्हणाले की काळजी नको, वेळेला चावी फिरवून बंद करेन, कुणाला फरक कळणार नाही. मी विश्वास ठेवला.

दुपारी वहिनी तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर होत्या. सायकल त्यांनी बाहेर जिन्याखाली लावली होती. दुसरा अंक आला. मी सासरा. लांबून गाडीचा आवाज आला, जवळ आला, थांबला आणि स्लोवर उभा राहिला. धुग, धुग, धुग, धुग. इतका गोल, इतका समाधानी आवाज मी त्या गाडीचा कधी ऐकला नव्हता. उचकी नाही, काही नाही. मी विंगेकडे नजर टाकली. उघड्या दारातून मास्तर दिसत होते. टाकीवर पाण्याचा ग्लास, आणि चावीवर ठेवलेला हात तिथेच गोठलेला. रंगमंच-व्यवस्थापक गळ्यावरून बोट फिरवून खुणा करत होता. मास्तर ग्लासाकडे बघत होते.

सासूचं काम करणाऱ्या बाई पाठांतराच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, "अगंबाई, बंद पडली वाटतं गाडी." धुग, धुग, धुग. पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मी म्हटलं, हो, पण तिला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. तेवढ्यात जावई शिरला, हात काळेभोर, कपाळावर पाणी शिंपडून आणलेला घाम. त्याची ओळ होती, "काय सांगू बाबा, गाडीनं जीव सोडला." नाट्यगृह कोसळायचं बाकी राहिलं.

त्या हशात मला तिसरी रांग दिसली. वहिनी हसत नव्हत्या. मान एका बाजूला करून ऐकत होत्या. मग त्या उठल्या, पर्स खांद्याला लावली, रुमाल काढून डोक्याला बांधला. गाठ एकदा सोडून पुन्हा बांधली. गाडी उभीच होती. बाजूच्या दारानं त्या बाहेर गेल्या. आम्ही तिघं रंगमंचावर नुसते उभे, पुढची ओळ कुणालाच आठवेना. काही वेळानं ग्लास ठेवल्याचा आवाज आला, गिअर पडला, धुगधुग भरदार झाली आणि रस्त्यानं दूर दूर जाऊ लागली.

जावई बिचारा नवखा. त्याला राहवेना. तो प्रेक्षकांकडे बघत म्हणाला, "बंद पडलेली गाडी चोरीला गेली."

त्या टाळीनं पडदा पाडावा लागला. दिग्दर्शक आधी संतापला आणि मग, प्रत्येक प्रयोगात असंच का नाही केलं, म्हणून आमच्यावरच ओरडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी रंगभूषेची पेटी न्यायला नाट्यगृहावर गेलो, तर दोघं जिन्याखाली सायकल न्यायला आलेले. गाडी शेजारी धुगधुगत उभी. आता सायकल कोण नेणार, हा प्रश्न होता. मास्तर वहिनींकडे बघत होते, वहिनी माझ्याकडे. "भावोजी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला व्यायाम नाही काही." आणि त्या मागच्या सीटवर जाऊन ऐसपैस बसल्या.

मी पेटी कॅरिअरला बांधली आणि बायकांच्या त्या बुटक्या सायकलवर, गुडघे हनुवटीला लावत, त्यांच्या मागे निघालो. मास्तर वेगात जात आणि प्रत्येक चौकात माझ्यासाठी थांबत. मला वाटतं, माझ्यासाठी नव्हे. मी धापा टाकत पोचायचो तेव्हा गाडी जिवंत असायची आणि वहिनी नवऱ्याला सांगत असायच्या, "राहू द्या अजून थोडा वेळ. घाई कसली आहे?"