मागावरचा कोष्टी

पावरलूम आले आणि गोळीबार चौकामागच्या गल्लीतला बाबनरावांचा हातमाग थांबला. जन्मभर धोट्याची खटखट ऐकून त्यांचे कानही थकले होते. घरच्यांना त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागे. दुपारी ते टॉकीजवर तिकिटं फाडत आणि सकाळी रिकाम्या मागाशी बसत.

मागावर राहिलेल्या ताण्याच्या उभ्या धाग्यांत एका कोळ्यानं जाळं बांधलं होतं. बाबनराव एखाद्या धाग्यावर अलगद बोट टेकवत. माशी अडकली की बोटाला बारीक, घाईची थरथर लागे. वारा असला तर लांब हेलकावा. कधी कोळी स्वतःच एक धागा छेडून गप्प राही, जणू उत्तराची वाट बघतोय. बाबनरावही मग श्वास धरून बसत.

कोळ्याला त्यांच्या घरात कोष्टीच म्हणत. विणतो तो कोष्टी, पाय दोन असोत की आठ.

यमुताईंना त्या जागी शिलाई मशीन हवी होती. बायकोचं म्हणणं रास्त होतं, हीच बाबनरावांची पंचाईत. माग गेला तर न ओरडता त्यांच्याशी बोलणारं घरात कुणी उरणार नव्हतं.

एका रविवारी यमुताईंनी लकडगंजातले लाकडाचे व्यापारी चंपतराव यांना बोलावलं. सागवान म्हटल्यावर ते लगेच आले. माग आतल्या खोलीत होता. चहा देता देता यमुताईंनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "माग न्या, पण त्याच्यावर कोष्टी बसून राहिला. हे त्याले हटवू देत नाही."

चंपतरावांचा कप अधांतरी थांबला. कधीपासून, त्यांनी विचारलं. दसऱ्यापासून, यमुताई म्हणाल्या. परवा आणखी एक आला होता, त्याला यानं खाऊन टाकलं.

तेवढ्यात आतून बाबनरावांचा खणखणीत आवाज आला, "तुले कोनी उठवत नाही. बस गा आरामात."

कब्जेवाला माल आपण घेत नाही, असं म्हणत चंपतराव चहा अर्धा टाकून चपलेत शिरले.

यमुताई तणतणत आत गेल्या. बाबनरावांनी त्यांचं बोट धरून धाग्यावर टेकवलं. धागा किंचित थरथरला.

"काय म्हणते?" यमुताईंनी विचारलं. ओरडायचं विसरल्या, पण बाबनरावांना ओठांवरून कळलं.

"मशीन कुठं ठेवता, विचारून राहिला."

मशीन शेवटी मागाच्या खांबाला टेकूनच लागली. पायडल चाललं की धागे थरथरत आणि कोळी माशी समजून धावत बाहेर येई. मग यमुताई पाय आवरत. "फुकट धावाले लावलं बिचाऱ्याले," म्हणत, आणि टाका जरा सावकाश घालत.