उजेड बदलल्यावर

बाबा आतड्याच्या कॅन्सरने गेले, नंतर ताईही. हा आजार आमच्या रक्तातच उतरला आहे, हे कळल्यापासून मी दर वर्षी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, करून घेते. या वेळी गुंगी हलकी होती. कुशीवर पडल्या पडल्या समोरचा पडदा दिसत होता. पडद्यावर माझंच आतडं, लहान मुलाच्या हिरड्यांसारखं गुलाबी, ओलसर. कुठे डाग नाही, उंचवटा नाही. मला हायसं वाटणार, तेवढ्यात डॉक्टर बाई म्हणाल्या, "थांबा हं, जरा उजेड बदलून बघते."

त्यांनी बटण दाबलं. सगळं हिरवट-निळं झालं आणि आत्ता जिथे काहीच नव्हतं, तिथे नखाएवढी तपकिरी खूण उमटली.

"ते काय आहे?" माझी जीभ जड झाली होती.

"सपाट गाठ आहे. साध्या उजेडात लपते. आत्ताच काढते. हलू नका."

पडद्यावर दुर्बिणीतून तारेचा फास पुढे आला आणि गाठीभोवती आवळत गेला. दुखलं नाही, पण मी श्वासही जपून घेत होते. ताईची तपासणी स्वच्छ निघाली, त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते. तेव्हा तो उजेड नव्हता. दिसत नाही ते नाहीच, असं धरून आपण किती निर्धास्त हसतो!

"निघाली," डॉक्टर म्हणाल्या. "ही तपासायला पाठवू. अजून बरंच बघायचंय. थकलात का?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही सावकाश बघा."