रविवारच्या वर्गाचं आमंत्रण

गेटवरच्या जमादाराने गणपतला दंडाला धरून मॅनेजरसाहेबांपुढे नेलं, तेव्हा मी बॉयलर हाउसमध्ये होतो. फायरमन सांगत आला की तुमच्या क्लासातलं पोरगं धरलंय, युनियनसाठी माणसं जमवत होतं म्हणे. मी हात पुसत तसाच ऑफिसकडे निघालो. युनियनशी गणपतचा काडीचा संबंध नव्हता. माणसं जमवायला त्याला मीच सांगितलं होतं.

सोलापूरच्या एका कापड गिरणीत मी असिस्टंट इंजिनिअर होतो आणि रविवारी सकाळी गिरणीसमोरच्या एका खोलीत अप्रेंटिसांचा वर्ग घेत असे. मुंबईच्या इंजिनिअर लोकांच्या एका संस्थेचा मी मेंबर होतो. तिथे सगळे आपापले अनुभव मांडत. एकाचं इंजिन कशाने बिघडलं ते दुसऱ्याला आपलं बिघडायच्या आत कळे. विद्यार्थी पुरेसे जमले तर सोलापुरात शाखा देऊ, असं संस्थेने कबूल केलं होतं. मी वर्गात मोठं भाषण ठोकलं. एकानेही नाव दिलं नाही. शुक्रवार पेठेतल्या विणकराच्या घरचा नरसय्या तर तोंडावर म्हणाला की हे साहेब लोकांचं काम, आम्हाला तिथे कोण बसू देणार. शेवटी मी मुलांना म्हटलं, माझं राहू द्या, तुम्हीच एकमेकांना विचारा, एकेक मित्र घेऊन या.

गणपतने ते फारच मनावर घेतलं. तो अकलूजकडचा, घरी मेंढरं राखणारा. जेवणाच्या सुट्टीत गेटजवळ उभा राहून तो दिसेल त्या अप्रेंटिसाला "मेंबर व्हा" म्हणू लागला. गावात मार्शल लॉ, म्हणजे लष्कराचा अंमल, येऊन गेला होता. चारजण एका जागी उभे राहिले तरी जमादार काठी आपटत येई. त्यात मेंबर हा शब्द युनियनवाल्यांच्या तोंडचा.

मॅनेजरसाहेब खुर्चीत बसले नव्हते, येरझाऱ्या घालत होते. ज्यांना विचारलं त्या सगळ्यांची नावं सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांनी गणपतला बजावलं होतं. मी संस्थेबद्दल सांगू लागलो. त्यांनी मला मध्येच तोडलं. तुम्ही यात असाल तर तुमचाही विचार करावा लागेल, म्हणाले. 

तेवढ्यात गणपत बोलला.

"नावं मी न्हाय सांगनार, साहेब. पर आमी काय बोलतो त्ये ऐकायचं असंल तर रविवारी तुमीच या की."

मॅनेजरसाहेब थांबले.  मग मला म्हणाले, "येतो मी. तोवर हा गेटच्या आत नको."

रविवारपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जेवण जाईना. बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

रविवारी साहेब खरंच आले आणि मागच्या बाकावर बसले. त्यांना पाहून दाराजवळची काही मुलं हळूच सटकली. उरलेली मान खाली घालून बसली. मी गणपतला खूण केली. तो उठून गेज ग्लासबद्दल सांगू लागला. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी ही काचेची नळी. आपल्याकडचं पाणी क्षाराचं. नळीची वाट क्षाराने बुजली की आतलं पाणी उतरलं तरी नळीत ते भरलेलंच दिसतं, आणि कोरडा तापलेला बॉयलर फुटतो. म्हणून खालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडून नळी धुवायची. कॉक बंद केल्यावर पाणी झटकन वर चढलं तर वाट मोकळी, रेंगाळलं तर बुजलेली. 

मागून साहेबांनी विचारलं, "हे तुमचे फायरमन बघतातच. त्यासाठी मेंबर कशाला व्हायचं?"

गणपतने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तोच नरसय्या उठला.

"फायरमन आपला बॉयलर बघतो, साहेब. दुसऱ्या गिरणीत काय चुकलं त्ये त्याला कोन सांगनार? आन् बॉयलर फुटला तर तुमचं ऑफिस त्याच्या भिंतीपलीकडंच हाय."

 साहेब हसले नाहीत. खिडकीतून त्यांनी गिरणीच्या धुराड्याकडे पाहिलं, टोपी उचलली आणि निघून गेले.

सोमवारी गणपतला आत घ्या असा निरोप आला. गेटवर कुणी जमायचं नाही एवढीच अट. नावं कुणी विचारली नाहीत. सटकलेल्या मुलांना गणपत आणि नरसय्या घरोघर जाऊन घेऊन आले. साहेब स्वतः येऊन बसले होते, एवढं या दोघांनी सांगितलं की पुरे व्हायचं. पावसाळ्याआधी शाखा मिळाली. साहेब मात्र पुन्हा कधी आले नाहीत.

पुढे मी बऱ्याच गिरण्यांत नोकरी केली. मुलांना मित्र आणायला सांगायच्या आधी मॅनेजरला बोलावणं धाडायचं, हा माझा नियम झाला. बहुतेक येत नाहीत. पण बोलावलं होतं, हे जमादाराला सांगता येतं.